एका सुरीची माणसं

चेंचाच्या डोंगरावर धुकं इतकं दाट
की पाहुण्यांची पांढरी गाडी आधी ऐकू आली, मग दिसली.
रोमहून आलेल्या ओर्नेला बाई,
खालच्या सरोवराकाठच्या विद्यापीठातले डॉक्टर वोंदिमू,
मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसलेली प्रयोगशाळेतली मिहरेत,
आणि मी दुभाषा,
दिवसाचे चारशे बिर, जेवण वेगळं.

अयेलेचच्या परसात एनसेट उभं होतं.
दिसायला केळ, पण खायचं ते खोड.
सहा वर्षं वाढवायचं, मग आडवं करायचं,
खरवडून गर पानांत गुंडाळायचा, पुरायचा,
आणि कित्येक महिन्यांनी तोच आंबलेला गर
भाकरी होऊन तव्यावर येतो.
परसात खड्डा असला
की पोटात पडत नाही.

यंदा निम्मी झाडं मान टाकून उभी.
मिहरेतनं एक देठ कापला, आतून पिवळा पू ओघळला.
कुणी बोललं नाही. कोंबडं तेवढं बोललं.

डॉक्टरांनी कागद उघडला आणि एका दमात वाचलं:
शाश्वत अन्नव्यवस्थेसाठी विद्यापीठ, आंतरराष्ट्रीय संस्था
व स्थानिक समुदाय यांच्यातील भागीदारी.
मी थांबलो.
शाश्वतचं केलं, नातवाला पुरेल असं.
व्यवस्था गाळली.
भागीदारीला काही सापडेना, म्हणून म्हणालो,
"हे म्हणतात, आपण एका सुरीची माणसं होऊ."

अयेलेच हसली. शेजारणी हसल्या.
इथे एक सुरी सात घरं फिरते,
बाळंतिणीकडे आधी,
एकटीकडे न मागता.
मिठाची कॉफी आली.

मग दुसरं पान.
रोग हत्यारातून पसरतो.
सुरी कुणाला देऊ नये. कुणाची घेऊ नये.

मी डॉक्टरांकडे पाहिलं, मग धुक्याकडे.
सांडलेला शब्द कसा भरून घ्यायचा
हे दुभाष्याला कुणी शिकवत नाही.
सांगितलं. जसंच्या तसं.

"म्हणजे दिन्केच्या परसात," अयेलेच म्हणाली,
"मरण मी नेलं?
तिचं पोर तापानं फणफणलेलं,
मीच जाऊन कापून दिलं होतं."
याचं भाषांतर मी केलं नाही.
तरी ओर्नेला बाईंनी पेन खाली ठेवलं.

मिहरेत आमच्याच डोंगराची,
पण कामावर अम्हारिकच बोलायची.
त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या बोलीत म्हणाली,
"आये, सुरी जाळावर धर, मग ती पुन्हा कोरी."
"रोज?"
"दर झाडाला."
"आणि सरपण?"

अंदाजपत्रकात गाड्या होत्या, कार्यशाळा होत्या,
चार भाषांतला फलक होता.
सरपणाचा रकाना नव्हता.
डॉक्टर बराच वेळ पानं उलटत राहिले,
एखाद्या पानात काटक्या निघतील तशी.

करार तीन वर्षांचा.
आज लावलेलं रोप सहाव्या वर्षी ताटात येणार.
"तेव्हा चव बघायला कोण येईल?" अयेलेचनं विचारलं.
ओर्नेला बाई म्हणाल्या, "खरं सांगू? माहीत नाही."
हे मात्र मी लगेच सांगितलं.
ते ऐकून अयेलेचनं
इतका वेळ शालीत राखलेला अंगठा
शाईवर टेकवला.

फोटोत सगळे आहेत, मी नाही.
इतिवृत्तात "लाभार्थींनी सहमती दर्शवली" एवढंच.

पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लग्नाला वर गेलो.
दिन्के आणि अयेलेच यांच्या कुंपणात
एक फुटकं मडकं ठेवलेलं, आत विस्तव.
सुरी या परसातून त्या परसात जाताना
त्यावर थांबत होती, लाल होईतो,
आणि न्यायला येणारी प्रत्येकजण
घरून एक काटकी आणत होती.

मी टेकलो, हात शेकायला पुढे केले.
अयेलेचनं वर न बघताच विचारलं,
"काटकी कुठाय?"